मूळ मुलूख

पिंपळीच्या पोलीस पाटलाचा कागद हातात येईपर्यंत म्हस्कू हवालदाराची सकाळ मजेत चालली होती. वरून परिपत्रक आलं होतं. परदेशी माणसांविषयीचे कायदे फार जुने झाले, गोऱ्या साहेबाच्या राज्यातले. आता देशाची दारं उघडलीत, कारखाने यायला लागलेत, त्यांच्या मागोमाग माणसं यायला लागलीत, तेव्हा कायदा नव्याने बांधायचाय. त्याआधी कोण कुठे राहतं याची गावोगाव खातरजमा करा आणि सोबत आपला अभिप्राय पाठवा, असा त्याचा मतलब. मूळ इंग्रजीत ते नीटच असणार. पण खाली उतरता उतरता कुणीतरी त्याचं मराठी केलं, त्यात 'परदेशी इसम' असा शब्द घातला, आणि पोलीस पाटलांनी इमानेइतबारे परदेशी हुडकून काढले. एकाने मिठाईवाले परदेशी कळवले, आडनावाने परदेशी, ज्यांच्या पणजोबापासूनचा पेढा सगळा तालुका खातो. दुसऱ्याने परदेश्यांची घरंच्या घरं लेकराबाळांसकट उतरवून खाली शेरा मारला होता, 'वर्तणूक चांगली, गणपतीला वर्गणी देतात.' बाकी गावांचं उत्तर एका शब्दाचं, निरंक. म्हणजे कुणी नाही. म्हस्कू एकेक कागद वाचत होता, गालातल्या गालात हसत होता आणि चहा निवत होता. मग पिंपळीचा कागद निघाला, महिपतराव पाटलाच्या टपोऱ्या अक्षरातला. 'ठमाबाई भ्र. धुळा कोकरे. राहणार पिंपळी. धंदा शेती व मेंढरे, हल्ली फक्त शेती. मूळ मुलूख, मोगलाई.' आधीच्या हसण्याच्या भरात तो यालाही हसला, आणि मग कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. ठमाबाई धुळा कोकरे म्हणजे त्याची आई.

त्याने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. पुन्हा सुलटा केला. आईचं नाव असं संपूर्ण, नवऱ्याच्या नावासकट लिहिलेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. रेशनकार्डावर ती नुसती 'आई' होती, नात्याच्या रकान्यात. आता ती इसम झाली होती. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य, सीना नदीच्या पलीकडचं, परांडा, भूम, उस्मानाबाद. आज तिथे यष्टी जाते, तिथल्या मुली इकडे नांदतात आणि इकडची पोरं तिकडे मास्तर होतात. पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात ती अजून मोगलाईच आहे. तेवढ्यात आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज आला. ते कुणा शिपायाला झापत होते, पट्टा न लावता आलास, मोगलाई लागून गेलीय का इथे. हे साहेबांचं रोजचं वाक्य. बारा वाजायच्या आत ते एकदा तरी म्हणतातच आणि म्हस्कूने कधी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आज त्याला वाटलं, आपल्यालाच हाक मारली. त्याने कागद पेपरवेटखाली सारला आणि निवलेला चहा एका दमात पिऊन टाकला.

ठाण्यात परदेशी माणसांचं म्हणून वेगळं टेबल नव्हतं. म्हस्कूचं अक्षर वळणदार आणि गोऱ्या माणसाला बघून तो गडबडत नाही, एवढ्या दोन गुणांवर ते काम त्याच्या गळ्यात आलं होतं. काम तरी केवढं, एमआयडीसीच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या कागदाखाली गुलाब फुलवायला आलेला हॉलंडचा यान, भिगवणला पाण्यावरचे पक्षी बघायला येणारी दुर्बीणवाली जोडपी, आणि मधूनच कुणी मशीन बसवायला आलेला जपानी. यान मात्र नेमाने यायचा. खुर्चीत मावायचा नाही, गुडघे टेबलाला लागायचे, आणि फॉर्म भरताना तो प्रत्येक रकान्याचं कारण विचारायचा. वडिलांचं नाव कशाला, अंगावरची खूण कशाला. एक रकाना होता, 'याआधीचे राष्ट्रीयत्व, असल्यास.' यान म्हणाला होता, याआधीचं कसं असेल, मी जन्मलो तेव्हापासून हाच आहे. म्हस्कूने तिथे आडवी रेघ मारली. सगळ्यांच्याच फॉर्मवर तो तिथे रेघ मारायचा; इतक्या वर्षांत त्या रकान्यात अक्षर म्हणून पडलं नव्हतं. मग यानने आपल्या मोडक्या हिंदीत उलट विचारलं होतं, और आप? आप कहाँ पैदा हुए? म्हस्कूने पिंपळी सांगितलं. सर्व्हिसबुकात तसंच आहे. खरं तर तो पणदऱ्याच्या एका रानात जन्मला, खतासाठी मेंढरं बसवली होती तिथे, आणि तिसऱ्या दिवशी कळप हलला तेव्हा आईने त्याला पाटीत घातला आणि चालू लागली. शाळेत नाव घालताना मास्तरांना गाव हवं होतं, ते पिंपळी लिहिलं गेलं. यानला त्याने हे सांगितलं नाही. हिंदीत मेंढरं बसवणं कसं सांगायचं हे त्याला येत नव्हतं.

दुपारभर तो दुसरी कामं करत राहिला, पण मन त्या पेपरवेटखाली. आई परकी आहे हे त्याला कागदाने सांगायला नको होतं. ते त्याला लहानपणीच कळलं होतं, आणि कळलं ते एका शब्दाने. दुसरीत असेल. मास्तरांनी विचारलं, कोकरे, काय करतोयस? तो म्हणाला, लिवायलोय. सगळा वर्ग फुटला. लिवतुय म्हणतात रे, मास्तर म्हणाले, तेही हसत. घरी आई तसंच बोलायची, काय करायलास, कुठं निघायलास, भाकर खायलास का. त्याला वाटायचं आयांची भाषा अशीच असते. त्या दिवशी कळलं की ती एकट्या त्याच्या आईची आहे. पोरांनी आडनावाचा फायदा घेऊन त्याला मोगलाईचं कोकरू म्हणायला सुरुवात केली, आणि ते पार सातवीपर्यंत पुरलं. मग त्याने घरातली भाषा घरात ठेवायला शिकून घेतलं. पुढे घरातही सोडली. आई 'करायलास' म्हणायची आणि तो 'करतुय' म्हणून उत्तर द्यायचा, जसं काही तिचं चुकलेलं जाता जाता दुरुस्त करतोय. मोगलाई म्हणजे काय हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. कुठेतरी खाली, खोल, अंधारात असलेली जागा, जिथून आई वर आली, असं काहीसं डोक्यात होतं. नंतर भूगोलाच्या पुस्तकात नकाशा आला, त्यात सगळा महाराष्ट्र एकाच रंगाचा होता. त्याने पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं होतं, कुठे फट दिसते का. आज हे आठवलं आणि त्याला त्या पोराची गंमत वाटली, आणि थोडी लाजही वाटली.

संध्याकाळी घरी त्याने बायकोला, सरूला, सांगितलं. ती गवार मोडत होती. "मग खोडा की. त्यात काय येवडं?" म्हणाली. त्याने तिला समजावलं की असं खोडता येत नाही. आलेल्या कागदाला नंबर पडलाय. नाव काढायचं तर चौकशी केली असं दाखवावं लागतं, आणि नाव राहू द्यायचं तर ते पुण्याला जाणार. तिथून पत्र येणार, की सदर बाई भारतात कधी आली, कुठल्या कागदावर आली, नोंदणी का नाही, जन्माचा दाखला काय. आईजवळ जन्माचा दाखला तर सोडाच, लग्नाचा फोटो नाही. तिला गाडीत घालून पुण्याच्या बाकावर बसवायचं, आणि कुणीतरी टेबलापलीकडून तिला विचारणार. "कोन इचारनार?" सरू म्हणाली. म्हस्कू म्हणाला, माझ्यासारखाच कुणीतरी. सरूने शेंगेचं देठ काढलं, बाजूला टाकलं. "पन महिपतराव कसं काय लिवत्याल मनानं? त्येंनी आत्याबाईस्नी इचारलं असंल. तुमी बी इचारा की." हे इतकं साधं होतं की दिवसभरात ते त्याला सुचलंच नव्हतं. खाडाखोड कशी करायची याचा त्याने दहा बाजूंनी विचार केला होता. आईला विचारायचं मात्र मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलवर पिंपळीला गेला. महिपतराव पाटील दूध डेअरीच्या ओट्यावर बसले होते. हवालदाराला बघून ते उठले नाहीत, सरकले फक्त. लहानपणी त्यांनीच त्याला पोहायला शिकवलं होतं, त्यामुळे टोपीचा धाक तिथे चालत नव्हता.

"पाटील, आमच्या आईचं नाव कशापाय घातलंत?"

"म्या माज्या मनानं न्हाय घातलं, म्हस्कूराव. देवळाम्होरं कागूद वाचला. म्हनलं, परमुलखातलं कोन हाय का गावात? समदी गप. तुमची आई मागं भितीला टेकून बसल्याली, ती उठून हुबी ऱ्हायली. म्हनली, हाय की, म्या हाय."

"आन तुमी लिवलं."

"मानूस सवताच्या तोंडानं सांगतंय, त्येला खोटं कसं पाडू? आन तिचं चुकलं कुठं? नवरी आली तवा म्या चड्डीत हुतो. समदं गाव बगाया पळालं, मोगलाईतली नवरी कशी आसती म्हनून."

म्हस्कू चौकशीला आला होता, पण पुढचा प्रश्न तोंडातून निघाला तो चौकशीचा नव्हता. "कशी हुती?"

महिपतरावांनी आठवून पाहिलं. "दिसलीच न्हाय. घोंगड्यात हुती. ऊन मरनाचं, आन अंगावर एक सोडून दोन घोंगडी."

आई दारात सुपात बाजरी निवडत होती. सूप डोळ्यांच्या अगदी जवळ धरलेलं. मोटारसायकलच्या आवाजावरून तिने ओळखलं असावं, मान वर न करता म्हणाली, "आलास. जेवायलास का?" तो म्हणाला, जेवलोय. चोरांना, दारुड्यांना, हॉलंडच्या यानला त्याने इतके प्रश्न विचारले होते, की प्रश्न विचारणं हाच त्याचा धंदा म्हणायचा. पण आईला काय विचारायचं, कुठून सुरू करायचं, हे त्याला सुधरेना. वडिलांचं नाव? ते त्याला ठाऊक नव्हतं. आईच्या बापाचं नाव, स्वतःच्या आजोबाचं, त्याला ठाऊक नव्हतं. यानच्या बापाचं होतं. हे लक्षात आलं आणि तो उन्हातून सावलीत सरकून बसला.

"पाटलाकडं जाऊन आलास नव्हं," आई म्हणाली. "नाव पुसायला आलायस."

"पुसायला लागंल, आई. न्हायतर पुन्याला बलवत्याल."

"पुसायच्या आदी पुसावं मानसाला."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. पुसणं म्हणजे विचारणं, हा आईचा शब्द. इकडे इचारतात, ती पुसते. तो म्हणाला, बरं, पुसतो. आणि आईने सूप खाली ठेवलं, पदराने हात झटकले आणि पाय पसरून नीट बसली, जशी कितीतरी वर्षं याच बैठकीची वाट बघत होती.

तिचं गाव तांबडवाडी, परांड्याच्या पुढे. बापाचं नाव खंडू. सीनेच्या काठाला करोडगिरीचा नाका होता, म्हणजे निजामाचा जकात नाका. जनावर जायचं तर पैसे, लोकर जायची तर पैसे, नवं घोंगडं हातात किंवा ओझ्यात असलं तर पैसे. अंगावर पांघरलेलं असलं तर मात्र शिपाई काही म्हणत नसे. लग्न लागलं, वऱ्हाड निघालं, बाप नाक्यापर्यंत आला. त्याच्या पुढे त्याला येता येत नव्हतं, परवान्याची भानगड होती. तिथे त्याने स्वतःच्या अंगावरचं घोंगडं काढलं आणि तिच्या घोंगड्यावर घातलं. नवंच होतं, त्याच वर्षीचं, काळंभोर, कडेला पांढऱ्या दोन रेघा. तिला म्हणाला, परमुलखात चाललीयास, थंडी कसली आसती काय म्हाईत. नाका उठला की आनून दी.

"उठनार हुता व्हय नाका?" म्हस्कूने विचारलं. त्याला आता खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"त्यो म्हनायचा, उठंल. नद्या काय आडवायच्या आसत्यात का, म्हनायचा." मग रझाकारांचा गोंधळ सुरू झाला, वाटा बंद झाल्या. पोलीस ॲक्शन झाली त्या सालातला म्हस्कूचा जन्म. बाप त्याआधीच्या हिवाळ्यात गेला होता. ते तिला एका मेंढक्याकडून पुढच्या पावसाळ्यात कळलं, बाजारात, मीठ घेताना. मीठ घेतलं आणि घरी आली. त्यानंतर म्हस्कूच्या वडलांची मेंढरं नेहमी मावळतीकडे जायची, उगवतीकडे कधी नाहीत. मग कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लागला. नवरा म्हणायचा, मोगलाईत काय ठेवलंय. आई हे सगळं एका सुरात सांगत होती, रडगाणं नव्हतं त्यात. मध्येच एक खडा हाताला लागला तो तिने उचलून लांब फेकला.

"आई, नाका उठून जमाना झाला गं."

"ठावं हाय."

"परवानगी न्हाय लागत. यष्टीत बसायचं आन जायचं."

"ठावं हाय की. मला काय येडी समजायलास?"

"मग पाटलाला नाव कशाला दिलंस?"

आईने त्याच्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे तोंड वळवलं, आणि तिच्या उजव्या डोळ्यातला पांढरा पडदा त्याने पहिल्यांदा नीट बघितला. "तू कागदावरच्या मानसाला पुसतूस," ती म्हणाली. "म्हनलं, आपुन बी कागदावर जावावं." मग म्हणाली, "डोळ्यात पडदा यायलाय. आजून दिसतंय. दिसतंय तवर न्ये मला. बापाचं घोंगडं ठिवून यायचंय."

तो म्हणाला, आधी मोतीबिंदूचं बघू, दवाखान्यात जाऊ, मग जाऊ. ती म्हणाली, दवाखान्याचं तू गेल्या साली बी म्हनलास. तो म्हणाला, बरं, नेतो, पण आधी नाव तरी काढू दे. आई हसली. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे ती हसली की लहान पोरीसारखी दिसायची. "ऱ्हाऊ दी कागदावर. आल्यावर खोड." म्हस्कूच्या लक्षात आलं की इथे ओलीस कोण आणि ठाणेदार कोण हे कधीच उलटंपालटं झालंय. परत जाताना उसाच्या फडांमधून त्याची मोटारसायकल नेहमीपेक्षा हळू चालली होती.

शनिवारी साहेबांनी कागद मागितला. म्हस्कूने सांगितलं, सोमवारी देतो, एका नावाची चौकशी राहिलीय, रविवारी पलीकडे जाऊन यावं लागेल. कुणाचं नाव, म्हणाले. त्याने आईचं नाव सांगितलं, तिच्या लग्नाचं आणि नाक्याचंही सांगितलं. साहेब आधी भडकायच्या बेतात होते, पण हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. तरुण माणूस, परीक्षा देऊन आलेला. कायद्यातला गुंता दिसला की त्यांचे डोळे लकाकायचे. "म्हणजे तेव्हा ते खरंच दुसरं राज्य होतं. तुमच्या आई लग्न होऊन आल्या तेव्हा परक्या राज्यातून आल्या." म्हस्कू म्हणाला, होय साहेब. "मग त्या इथल्या कधी झाल्या?" म्हस्कू म्हणाला, "त्या हाईत तितंच हाईत, साहेब. शीवच उठून गेली." साहेबांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, अभिप्रायाच्या कागदात यातलं काही लिहिता येईल का बघा. आणि लगेच आवाज चढवून, पण सोमवारी कागद गेला पाहिजे, नाव असलं तर नावानिशी, तारखा उलटून जायला इथे मोगलाई लागलेली नाही. म्हणून झाल्यावर साहेब कानापर्यंत लाल झाले. म्हस्कूने सॅल्यूट ठोकला आणि बाहेर आला.

रविवारी आई पिंपळीच्या फाट्यावर उभी होती. चैत्राचं ऊन, डांबर मऊ झालेलं, आणि आईच्या अंगावर दोन घोंगडी. एक नेहमीचं आणि त्यावर ते दुसरं, काळं, कडेला दोन रेघा. इतकी वर्षं कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं, त्याचा कडवट वास यष्टीभर सुटला. म्हस्कू म्हणाला, आई, एक पिशवीत ठेवू. ती म्हणाली, पिशवीत घातलं तर जकात लागंल. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, त्यामुळे ती थट्टा करतेय की नाही ते त्याला कळेना. त्याला युनिफॉर्म घालून यायला लावलं होतं तेही असंच. इंदापूरला गाडी बदलली. भीमेचा पूल आला, पाणी लांबवर पसरलेलं, कडेला बगळे. आई म्हणाली, ही भीमा, ही आपलीच. कुर्डुवाडीला पुन्हा गाडी बदलली, परांड्याची. ती भरलेली होती. म्हस्कू दांडीला धरून उभा राहिला, आणि मागून कंडक्टर तिकिटाचा पंच वाजवत येताना म्हणाला, "कुठं निघालाव, मामा? सुट्टे द्यायलाव का?"

म्हस्कूने वळून पाहिलं. कंडक्टर पंचविशीचा पोरगा होता, पान खाल्लेला, साधा. पण तोंडातलं बोलणं आईचं होतं. मागच्या बाकावरची बाई पोराला म्हणाली, काय करायलास रे, खिडकीतनं हात आत घे. कुणी म्हणालं, ऊन लई पडायलंय. कुणी म्हणालं, त्येला जाऊन पुसा की. सगळी गाडी बोलत होती, भांडत होती, घाम पुसत होती, सगळी आईच्या भाषेत, आणि कुणी कुणाला हसत नव्हतं. जन्मभर त्याला वाटत आलं होतं की ते बोलणं आईची खोड आहे, तिच्या पडलेल्या दातांसारखी तिची एकटीची. आणि इथे त्याचा एक मुलूखच होता. इथे दुसरीतला एखादा पोरगा मास्तरांना खुशाल 'लिवायलोय' म्हणत असेल, आणि मास्तर पुढच्या पोराकडे वळत असतील. म्हस्कूने तिकीट घेतलं. पोरगा म्हणाला, पोलीस हाव, तिकीट काढायलाव? म्हस्कू म्हणाला, "काढायलोय." शब्द जिभेवर जड आला, गंजल्या कडीसारखा, पण आला. आईने ऐकलं की नाही कळलं नाही. ती खिडकीला कपाळ टेकून बसली होती.

सीनेचा पूल जवळ आला तेव्हा ती उठून उभी राहिली. दोन्ही घोंगडी छातीशी आवळून धरली. नदीत वाळू होती, एका कडेला पाण्याची बारीक धार, धारेत म्हशी. नाका नव्हता. नाक्याची भिंत नव्हती, ओटा नव्हता. एक रसवंती होती आणि तिची घुंगरं वाजत होती. ड्रायव्हरने गाडीचा वेगही कमी केला नाही. पूल संपला, बाभळी सुरू झाल्या. आई तशीच उभी राहिली, मागे बघत, डोळ्याजवळ हात आडवा धरून. मग खाली बसली. "कुनी पुसलं न्हाय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण म्हस्कूला वाटलं, गाडी थांबवावी, खाली उतरावं, आणि रस्त्यात उभं राहून आपणच तिला विचारावं, कोण तुम्ही, कुठून आलात, काय आणलंत. त्याला तर विचारायचा पगार मिळत होता. त्याने काही केलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला. घोंगडं तापलं होतं.

तांबडवाडीत उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आई पुढे आणि तो मागे. पन्नास वर्षांनी आलेलं माणूस चाचपडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती सरळ चालली, देवळाच्या उजवीकडून, आडाच्या कडेने; आड बुजला होता तरी तिने त्याला वळसा घातला. एका पत्र्याच्या घरापुढे थांबली. दारात एक म्हातारी शेंगा फोडत होती. ती दगडाबाई, आईच्या भावाची विधवा, हे नंतर कळलं. भावाचं लग्न आई गेल्यानंतरचं, त्यामुळे या दोघींनी एकमेकींना कधी पाहिलेलंच नव्हतं. दगडाबाईने आधी म्हस्कूची टोपी पाहिली आणि तिचे हात थांबले. या गावात पोलीस म्हटलं की अजून जुनं काही आठवत असावं. ती उंबऱ्याच्या आत सरकली, दार धरून.

"कोन हाव तुमी?" ती म्हणाली. "पोलीस कामून आणलाव? कुठल्या तुमी?"

म्हस्कू पुढे होऊन बोलणार होता. आईने हाताने त्याला मागे सारलं. तिने पदर नीट केला, ताठ उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. एवढा मोठा पल्ला मारून आल्यावर शेवटी कुणीतरी तिला अडवलं होतं. शेवटी कुणीतरी पुसलं होतं.

"म्या पिंपळीची. बारामतीकडली," आई म्हणाली. जन्मभर पिंपळीत तांबडवाडीचं बोललेली त्याची आई, इथे बोलली ते पिंपळीचं होतं, स्वच्छ, अगदी महिपतरावांसारखं. "ह्यो माजा ल्योक हाय. भ्याचं काय कारन न्हाय. दोघंच आलूया, रातीला परत जानार."

दगडाबाई अजून दार धरून होती. "संगं काय हाय?"

आईने वरचं घोंगडं अंगावरून काढलं. काठाच्या पांढऱ्या रेघा उन्हात दिसल्या तशी दगडाबाई दार सोडून एक पाऊल पुढे आली. दारात तिने बसायला टाकलेलंही तसलंच एक होतं, विटलेलं, त्याच दोन रेघांचं. आईने घोंगडं दोन्ही हातांवर आडवं धरलं, जसं नाक्यावर शिपायापुढे धरायचं राहून गेलं होतं.

"दोन घोंगडी हायती," ती म्हणाली. "ह्ये एक हितलंच हाय."